सीमाभागातील आमदारकीचा ताळेबंद

विधानसभेच्या बैठकी वर्षाकाठी किती दिवस भरल्या, त्यांपैकी अमुक सभासद किती दिवस हजर होता, त्याने तारांकित व अतारांकित मिळून किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला आणि स्थानिक विकासनिधीतील किती रक्कम खर्ची घातली, यांचे तक्ते मांडून त्यांवरून लोकप्रतिनिधीच्या सालभराच्या कामगिरीचा निवाडा करण्याची चाल आता आपल्याकडे बरीच रूढ झाली आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला तीत काही अवघड वाटत नाही. आपण निवडून दिलेला मनुष्य सभागृहात जातो की नाही, आणि गेला तर तोंड उघडतो की नाही, एवढे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क कोण नाकारील? परंतु बेळगाव, खानापूर आणि निपाणी या टापूत, जिथल्या मराठी मतदाराने कित्येक निवडणुकांत आपला प्रतिनिधी विधानसभेत धाडला तो त्याच विधानसभेच्या अंमलाखालून आपला मुलूख बाहेर काढावा या एका मागणीसाठी, तिथे हा तक्ता मांडायला बसले की पहिल्याच रकान्यापाशी लेखणी अडते. ती का अडते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आकड्यांनी कारभार जोखण्याची सवय या मुलखाला जुनीच आहे. कुलकर्ण्याने गावची जमाबंदी लिहावी, मामलतदाराने सालअखेर ताळेबंद हुजुरात दाखल करावा आणि फडणिशीत त्याची तपासणी व्हावी, हा पेशवाईतला क्रम इंग्रजी अंमलातही नाव बदलून चालू राहिला. १८८४ साली कॅम्बेलच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्यावर निघाला, त्यात नांगर, गाड्या, बैल आणि माणसे यांची गणती आहे. १८८१ च्या शिरगणतीप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८,६४,०१४ भरली होती, आणि कोण कोणती भाषा बोलतो हेही तीत मोजले गेले होते. मात्र हा सारा हिशेब खालून वर जाणारा होता. रयतेचा, गावाचा, चाकराचा हिशेब सरकार घेत असे. सरकारचा हिशेब घेण्याची सोय रयतेला नव्हती, आणि रयतेच्या वतीने बोलणाऱ्याचा हिशेब घेण्याची कल्पना तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती, कारण तसा बोलणाराच नव्हता.

१८६१ च्या कायद्याने मुंबईस कायदेकौन्सिल मिळाले व त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये भरली. पण समोर आलेल्या मसुद्यावर बोलण्यापलीकडे सभासदांना मुभा नव्हती. १८९२ च्या सुधारणेने दोन गोष्टी पदरात पडल्या : अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा आणि सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार. मत देण्याचा अधिकार नाही, ठराव मांडण्याचा नाही, मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न करण्याचाही नाही. असा हा तुटपुंजा अधिकार होता. तरी टिळक १८९५ साली कौन्सिलात गेले ते त्याच्याच जोरावर, आणि प्रश्न हे लोकपक्षाचे शस्त्र आहे ही जाणीव मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांत रुजली ती याच दशकात. उपप्रश्न आणि ठराव हे १९०९ च्या कायद्याने आले, व निर्वाचित सभासदांचे बहुमत त्यानंतर दहा वर्षांनी झालेल्या कायद्याने. आज तक्त्यात सर्वांत ठळक असतो तो प्रश्नांचा रकाना. त्याची कुळकथा ही अशी आहे.

दुसरी परंपरा म्हैसूरची. तिथे रंगाचार्लू दिवाण असताना १८८१ च्या दसऱ्याला प्रातिनिधिक सभा भरली. १४४ असामी जमल्या आणि दिवाणांनी त्यांच्यापुढे संस्थानच्या जमाखर्चाचे निवेदन केले. हिंदुस्थानातील या जातीची ही पहिलीच सभा होय. तिला अधिकार जवळजवळ नव्हते. परंतु सरकारने वर्षातून एकदा प्रजेपुढे उभे राहून आपले आकडे वाचून दाखवावेत, हा पायंडा तिने पाडला. मुंबईच्या कौन्सिलात सभासद प्रश्न घालून सरकारच्या पोटातून आकडे काढीत, म्हैसुरात सरकार आपण होऊन आकडे देत असे. या दोन्ही वाटा पुढे एका जिल्ह्यात येऊन मिळणार होत्या, हे १८८१ साली कोणास सांगूनही पटले नसते.

मुंबईच्या विधिमंडळात बेळगाव जिल्हा होता तो काळ संख्येच्या मापाने पाहिला तर काय दिसते, हे तपासण्यासारखे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. तक्त्यात त्याची नोंद ‘ठराव : १’ एवढीच पडेल. त्या एका आकड्याच्या आधाराने मार्च १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे हलले. मधल्या काळात, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली ती डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली आपल्या निपाणीसच. पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे बळवंतराव वराळे बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागातून विधानसभेत निवडून आले; आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. वार्षिक कामगिरीच्या तक्त्यात ‘मांडलेली विधेयके एक, संमत शून्य’ अशी ओळ उमटेल आणि वाचणारा पुढे जाईल. वस्तुतः १९४९ च्या खोती-निर्मूलनाच्या कायद्याचे बी त्या शून्यात होते. महार वतनाचेही तेच. १९२८ साली कौन्सिलात मांडलेले वतनसुधारणेचे विधेयक मागे घ्यावे लागले, मुंबई राज्यात कनिष्ठ वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, आणि तोवर बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेलेला असल्यामुळे निपाणीच्या वतनदाराची सुटका व्हायला म्हैसूर विधानसभेचा १९६१ चा ग्रामाधिकार-निर्मूलनाचा कायदा यावा लागला. ज्या सभागृहात मागणी पेरली त्याच सभागृहात ती कापणीस येईल, एवढीही शाश्वती या टापूच्या प्रतिनिधीला नव्हती. मग वर्षाच्या मापाने त्याचे पीक कोण मोजणार?

त्याच १९३७ च्या विधानसभेत बेळगावचे अण्णासाहेब लठ्ठे होते. खेर मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखाते होते, आणि दारूबंदीमुळे तिजोरीला पडणारी खोट भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मिळकतीवरील कर त्यांच्याच कारकीर्दीत आला. मंत्री प्रश्न विचारीत नाही, प्रश्नांना उत्तरे देतो. म्हणून प्रश्नांच्या रकान्यात लठ्ठ्यांच्या नावापुढे शून्य येईल. आजही तेच होते. निपाणीच्या सध्याच्या आमदार शशिकला जोल्ले २०१३ पासून सलग तीनदा निवडून आल्या, त्यांपैकी काही काळ त्या मंत्री होत्या. त्या वर्षांचा त्यांचा प्रश्नांचा आकडा विरोधी बाकावरील सभासदाच्या आकड्याशी ताडून पाहणे हा शुद्ध अन्याय होईल, मग ताडणाऱ्याचा पक्ष कोणताही असो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात ठेवून, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला गेला. दहा वर्षांपूर्वी, मे १९४६ मध्ये, याच बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्यसंमेलन भरून संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. तेव्हा ज्या गावाने ती हाक दिली तेच गाव बाहेर राहावे, या दुःखाची धार ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या बोलण्यातून अखेरपर्यंत गेली नाही. १९५७ च्या निवडणुकीत बेळगाव शहराने बा. रं. सुंठणकरांना निवडून दिले. संतमंडळाच्या ऐतिहासिक कार्याचा साक्षेपाने अभ्यास करणारा हा विद्वान गृहस्थ सुमारे पाचशे किलोमीटरांवरच्या बंगळुरात, नुकत्याच बांधून पुऱ्या झालेल्या विधानसौधात जाऊन बसला, तो आपल्या मतदारांना तिथून सोडवून आणण्याचा आदेश घेऊन. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या त्यापुढच्या अनेक आमदारांची स्थिती हीच होती.

अशा आमदाराची वार्षिक कामगिरी काय? त्याने सही करून सभागृहात प्रवेश केला आणि निषेध नोंदवून सभात्याग केला, तर हजेरीपटावर तो दिवस हजेरीचाच धरला जातो. तो आतच आला नाही तर गैरहजर. मात्र त्याच्या मतदारांच्या लेखी कदाचित त्या दिवशी त्याने आपले काम सर्वांत चोख बजावलेले असते. तो मराठीत बोलू लागला, तर घटनेच्या २१० व्या अनुच्छेदाप्रमाणे अध्यक्षांची अनुज्ञा हवी, आणि तीही हिंदी, इंग्रजी वा राज्याची राजभाषा यांत आपले म्हणणे त्याला पुरेसे मांडता येत नसेल तरच. म्हणजे ज्या भाषेसाठी तो निवडून आला त्या भाषेत बोलणे ही त्याची सवलत ठरते. त्याने वर्षानुवर्षे तीच एक मागणी केली तर तक्ता तिला पुनरुक्ती म्हणेल. गावोगावचा मतदार तिलाच निष्ठा म्हणत असे.

वस्तुतः या टापूने आपला स्वतंत्र तक्ता ठेवलाच होता, आणि तो गावांचा होता. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने ८१४ गावांवर हक्क सांगितला. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रास आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर यांकडील २४७ गावे म्हैसूर राज्यास (आजच्या कर्नाटकास) द्यावीत असे सुचविले, व बेळगाव शहर होते तिथेच ठेवले. महाराष्ट्राने तो नाकारला; पुढे मागणी ८६५ गावांपर्यंत गेली आणि २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. सीमाभागातल्या कोणत्याही चावडीवर हे आकडे लोकांना तोंडपाठ असत. प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक ही सार्वमताप्रमाणे वाचली जाई : समितीला किती मते पडली, म्हणजे किती माणसे महाराष्ट्रात येऊ पाहतात. मत देण्याच्या क्षणीच आमदाराचे सारे काम पार पडलेले असे. पाच वर्षांत त्याने आणखी काय केले याची विचारपूस गौण ठरे.

मला या हिशेबाचा आदर वाटतो, कारण त्यात माणसांनी तुरुंगवास आणि गोळ्या सोसल्या आहेत. तरी त्यात एक मोठी उणीव राहून गेली असे स्पष्ट म्हणणे प्राप्त आहे. सीमाप्रश्न सुटेपर्यंतच्या काळात मराठी माणसाला जे हक्क घटनेने व केंद्राच्या निर्णयांनी दिलेच होते, त्यांची वसुली कोणी, किती केली, याची खातेवही नीट राखली गेली नाही. घटनेचा ३५० अ हा अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने ठरविल्याप्रमाणे, जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांची एक विभागीय कचेरी खुद्द बेळगावात होती. आमदाराने वर्षात या १५ टक्क्यांच्या बळावर किती कागद मराठीत काढून घेतले, किती शाळांवर मराठी शिक्षक नेमविले, हे विचारणे निष्ठेच्या आड येत नव्हते. पण ते विचारले गेले ते फार थोड्यांकडून.

निपाणीने दुसरा धडा दिला तो १९८१ साली. तंबाखू हे या भागाचे नगदी पीक. शेतकरी माल वखारीत नेई आणि भाव, वजनातली घट, पैसे मिळण्याची मुदत या तिन्ही गोष्टी व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडून रिकाम्या गाडीने परते. वखारीत पाल्याच्या ढिगाशी बसून, तोंडाला फडके बांधून, दिवसभर ती धूळ श्वासात घेत तंबाखू चाळणाऱ्या बायांचे जिणे त्याहून हलाखीचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मार्च १९८१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. हजारो शेतकरी बैलगाड्यांसह रस्त्यावरच मुक्कामास राहिले, आणि ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला त्यात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्या आंदोलनाने तंबाखूचा दर आणि वखारीचा व्यवहार राज्याच्या वेशीवर टांगला, ते सभागृहाच्या कामकाजात सुरू झाले नव्हते. त्यातले एक पुढारी प्रा. सुभाष जोशी पुढे निपाणीचे आमदार झाले. मराठी आणि कानडी शेतकरी त्या रस्त्यावर एकत्र बसले होते, ही गोष्ट मला या साऱ्या हकिकतीत फार मोलाची वाटते; भाषेच्या हिशेबाबाहेर पोटाचाही एक हिशेब आहे, आणि मतदार तो विसरत नाही, हे तिने दाखविले.

सभासदागणिक आकडे मोजण्याची आधुनिक चाल यानंतरची. १९९९ साली अहमदाबादच्या प्राध्यापकांनी काढलेल्या ‘एडीआर’ संस्थेच्या न्यायालयीन लढ्यातून २००२-०३ मध्ये उमेदवारांची शपथपत्रे खुली झाली; २००५ साली दिल्लीत ‘पीआरएस’ ही संस्था निघून तिने संसदेतील हजेरी, प्रश्न व चर्चा यांची सभासदवार नोंद सुरू केली; २०१० पासून ‘संसदरत्न’ पुरस्कार त्याच धर्तीच्या आकड्यांवर दिले जाऊ लागले; मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ आमदारांचे प्रगतिपुस्तक काढू लागले, त्यात मतदारांची पाहणी आणि प्रश्नांची गुणवत्ताही धरली जाते. घटनेने मात्र सभासदाच्या कामगिरीसाठी एकच आकडा सांगितला आहे, तो ६०. अनुज्ञेवाचून साठ दिवस बैठकींना गैरहजर राहिल्यास सभागृह त्याची जागा रिक्त ठरवू शकते. किती बोलावे, किती विचारावे, यावर घटनाकारांनी मौन पाळले. ते मतदाराच्या विवेकावर सोपविले असावे.

प्रश्नांच्या आकड्यावर भिस्त ठेवण्यातला धोका जुनाच आहे. १९५१ साली हंगामी संसदेतील मुंबईचे सभासद एच. जी. मुद्गल यांच्यावर सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका येऊन त्यांचे सभासदत्व गेले. डिसेंबर २००५ मध्ये अशाच कारणासाठी एका दिवसात अकरा खासदार बडतर्फ झाले. विकत घेतलेला प्रश्नही तक्त्यात एकच भरतो. शिवाय तारांकित प्रश्नाच्या यादीत नाव लागणे हे पुष्कळदा सोडतीचे काम. आणि उत्तर कसे येते ते महाराष्ट्राच्या विधानसभेतील छापील कागद ज्याने पाहिले आहेत त्याला ठाऊक आहे. ‘हे खरे आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ अशा तीन-चार पोटकलमांचा तो प्रश्न. आणि खाली मंत्र्यांचे उत्तर, ‘हे अंशतः खरे आहे,’ ‘चौकशी सुरू आहे,’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ सभासदाच्या खात्यावर प्रश्न जमा झाला. पण गावाच्या खात्यावर काय जमा झाले हे कळायला मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पुढे माग काढावा लागतो. लोकसभेने १९५३ साली आश्वासन समिती नेमली ती यासाठीच, आणि राज्यांच्या विधिमंडळांतही तशा समित्या आहेत. माझ्या मते आमदाराच्या वार्षिक तक्त्यात सर्वांत पहिला मान आश्वासनपूर्तीच्या रकान्याला मिळाला पाहिजे, आणि आज तोच रकाना बहुतेक तक्त्यांत आढळत नाही.

२००६ साली कर्नाटक विधानसभेचे अधिवेशन प्रथम बेळगावात भरले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी हलगा-बस्तवाडच्या शिवारात सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले, आणि हिवाळी अधिवेशनाचा तो शिरस्ता पडला. त्याच मुहूर्तावर समितीने महामेळावा भरविण्याचाही शिरस्ता पडला, ज्याला अलीकडे परवानगी नाकारली जाते. तत्पूर्वी, २००५ साली, महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केल्यावरून बेळगाव महापालिकाच बरखास्त झाली होती. २०१३ च्या निवडणुकीत समितीचे संभाजी पाटील व अरविंद पाटील असे दोघे विधानसभेत निवडून आले. २०१८ व २०२३ मध्ये एकही नाही. समितीतली दुफळी हे त्याचे एक कारण, हे उघड आहे. दुसरे असे की, ज्या पिढीने १९५६ पाहिले नाही ती पिढी आमदाराला रस्ता, पाणी, नोकरी यांविषयीही विचारते, आणि त्या विचारण्याला उत्तर देण्याजोगी वही समितीपाशी नव्हती.

ती वही आता ठेवायची तर तिचे रकाने या टापूला साजेसे हवेत. मतदारसंघातील मराठी शाळांची पटसंख्या आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा. उताऱ्यापासून नोटिशीपर्यंत किती कागद मराठीत मिळतात. तंबाखू आणि विडीच्या कामगारांच्या तक्रारींपैकी किती निकालात निघाल्या. सभागृहात मिळालेल्या आश्वासनांपैकी किती पुरी झाली. आणि आमदार कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही भाषेचा असो, सीमाभागातल्या मराठी नागरिकाचा प्रश्न त्याने तोंडी किंवा लेखी मांडला काय. यासाठी लागणारे बहुतेक कागद सरकारदप्तरी पडून आहेत. शाळांचे आकडे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत, उतारे व नोटिशी तहसील कचेरीत, कामगारांच्या तक्रारी कामगार खात्यात आणि आश्वासनांची यादी विधानसभेच्या सचिवालयात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज केला की तीस दिवसांत त्यांच्या नकला देणे त्या त्या कचेरीवर बंधनकारक आहे.